मोजके कपडे, चोख हिशेब

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' अशी एक म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. माणसाचे तेज एकपट, तर कपड्याचे दसपट, असा तिचा अर्थ. महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला या म्हणीची प्रचीती पहिल्या आठ दिवसांतच येते. वर्गात कोण काय बोलले यापेक्षा कोण काय घालून आले याचीच चर्चा अधिक रंगते. तेव्हा कपड्यांवर लेख लिहिणे म्हणजे कागद वाया घालविणे असे कोणी म्हटले, तर मला ते मान्य नाही. अन्न आणि निवारा यांच्या बरोबरीने ज्या वस्तूची गणना होते, जिच्यासाठी घरोघरी दरमहा काटकसर होते, तिचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

अलीकडे 'कॅप्सूल वॉर्डरोब' असा एक शब्द कानावर येऊ लागला आहे. एकमेकांशी जुळणारे मोजके आणि टिकाऊ कपडे ठेवायचे व तेच आलटून पालटून वापरायचे, असा त्याचा अर्थ. लंडनमध्ये 'वॉर्डरोब' नावाचे दुकान चालविणाऱ्या सूझी फो या बाईंनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला असे मानतात. पुढे १९८५ साली अमेरिकेत डॉना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला आणि तो फार गाजला. म्हणजे गंमत पाहा, 'कमी कपडे ठेवा' हा विचारसुद्धा बघता बघता विकायचा माल झाला! आज त्याला 'नैतिक' हे विशेषण जोडलेले असते आणि त्या विशेषणाचेही पैसे मोजून घेतले जातात. आपल्या आज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. एक अंगावर, एक दोरीवर आणि एक ठेवणीतले, एवढ्यात त्यांचा हिशेब संपत असे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोजके कपडे ठेवणे ही शहाणपणाची गोष्ट खरीच. पण तिला नीतीची गोष्ट म्हणायचे असेल तर तीन अटी पाळाव्या लागतात. वाचलेल्या पैशातून कपडा घडविणाऱ्याला रास्त मोल मिळाले पाहिजे. त्या काटकसरीचा भार घरातल्या एकाच बाईच्या पाठीवर पडता कामा नये. आणि ज्याच्यापाशी मुळातच कमी आहे त्याला हा उपदेश करता कामा नये. या तीन अटी मला पुस्तकात सापडल्या नाहीत. गेली तीन वर्षे आमच्या घरी कपड्यांचा जो हिशेब ठेवला जातो, त्यातून त्या एकेक करून पुढे आल्या.

आमचे घर दाजीबानपेठेत. आजी, आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी अशी पाच माणसे. वडील बाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहितात; आई साड्यांना फॉल-पिको करते. पेठेत राहणाऱ्या माणसाला कापडाची ओळख करून द्यावी लागत नाही. तुळजाभवानीच्या देवळाभोवती एस. एस. के. समाजाची जुनी वस्ती आहे, आणि हा समाज तर पिढ्यान्‌पिढ्या विणकामाशी नाते सांगणारा. थोडे चालले की दुर्गदबैल, आणि तिथेच जवळीसाल. कन्नडमध्ये 'जवळी' म्हणजे कापडचोपड आणि 'साल' म्हणजे ओळ. कापडाच्या दुकानांची ओळ हेच ज्या रस्त्याचे नाव, त्याच्या शेजारी राहून कमी कपडे ठेवायचे म्हणजे हलवायाच्या शेजारी राहून एकादशी करण्यासारखेच!

पहिला धडा मोजणीचा. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याची मोजदाद नाही त्याचा हिशेब नाही. म्हणून एका रविवारी सर्वांचे कपडे बाहेर काढून वहीत उतरविले. नित्य वापरात येणारे, ठेवणीतले आणि केवळ जागा अडविणारे अशा तीन रकान्यांची ती वही. तिसऱ्या रकान्यात सर्वाधिक भरणा कशाचा होता? आहेराच्या साड्यांचा आणि ब्लाउजपिसांचा. ज्या कोणी विकत घेतल्या नव्हत्या, कोणाला आवडल्या नव्हत्या, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाला तरी द्यायच्या होत्या. एक साडी चार घरे फिरून पुन्हा आपल्याच दारी येते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल. नेसण्यासाठी नव्हे, केवळ देण्यासाठीच जी साडी विणली जाते ती विणकराच्या कष्टांचाही अपमान करते. आमच्या घरी आता आहेर म्हणून पुस्तक, भांडे किंवा पाकीट दिले जाते. प्रारंभी नातेवाइकांत थोडी कुजबूज झाली. ती एका लग्नसराईपुरतीच टिकली.

दुसरा धडा किमतीचा. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, साडेचारशे रुपयांचा एक कुडता तीस वेळा घातल्यावर विरला, तर एका वेळेचा खर्च पंधरा रुपये झाला. बाराशेंचा हातमागाचा कुडता दीडशे वेळा घातला, तर एका वेळेचा खर्च आठच रुपये. तेव्हा महाग कोणता? हिशेब साधा आहे, परंतु त्यात एक मेख आहे. बाराशे रुपये एकदम हातात असावे लागतात. ज्याच्याजवळ ते नसतात तो साडेचारशेंचा कुडता पाच वेळा घेतो आणि अखेरीस अधिक पैसे मोजतो. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. तेव्हा 'चांगले तेच घ्या' असा उपदेश करण्यापूर्वी ते घेण्यासाठी रक्कम जमेल कशी, हे सांगितले पाहिजे. आमच्या घरी त्यावर तोडगा निघाला तो भिशीच्या धर्तीवर. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक हजार रुपये कापडाच्या डब्यात पडतात. पाच माणसांचे वर्षाचे कापड त्या बारा हजारांत बसले पाहिजे. खरेदी वर्षातून दोनदाच, एकदा कॉलेज-शाळा सुरू होण्यापूर्वी आणि एकदा गांधी जयंतीच्या सुमारास, कारण त्या वेळी खादीवर सूट असते. अधल्यामधल्या मोहाला डबा उघडत नाही.

आता पहिल्या अटीकडे वळू. स्वस्त कपडा स्वस्त का असतो? कापूस पिकविणारा, सूत काढणारा, विणणारा, रंगविणारा आणि शिवणारा, यांपैकी कोणाचे तरी मोल मारल्याखेरीज इतकी स्वस्ताई येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या बहुतेक शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या. आदल्याच दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची दुकाने आणि बँक बंद ठेवण्यात आली, पण शिवणकामाच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. कारण माल वेळेवर पोचवायचा होता. हा माल युरोप-अमेरिकेतील नामांकित दुकानांसाठी जात होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे केवळ नाव मोठे किंवा किंमत जास्त म्हणून कारागिराला पोटभर मिळाले असे मानण्याचे कारण नाही. मग ग्राहकाने ओळखायचे कसे? मला सुचलेले उत्तर एवढेच, की शक्य तितके जवळचे घ्यावे. जो माल कोणी, कुठे, कसा केला हे विचारता येते आणि जाऊन पाहता येते, तो घ्यावा.

या बाबतीत आपण हुबळी-धारवाडकर भाग्यवान आहोत. हुबळीतच बेंगेरीला १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे आवार आहे. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्रानिशी राष्ट्रध्वज तयार करणारे केंद्र म्हणून ते देशभर ओळखले जाते. बागलकोट भागात विणलेली खादी येथे येते; ती रंगविणे, तिच्यावर अशोकचक्र छापणे, तिन्ही पट्टे जोडून शिवणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. ठरावीक नऊ आकारांतच ध्वज होतो आणि शिवणीत वा रंगात कसूर राहिली तर तो बाद होतो. धारवाड तालुक्यातले गरगही ध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. इलकलची साडी, जिला आपल्याकडे इरकल म्हणतात, आणि गुळेदगुड्डाचा खण हे तर मराठी घरांतलेच झाले आहेत. इरकलीचे अंग आणि पदर यांचे ताणे वेगळे असतात व ते माणसाच्या हातांनी एकमेकांत अडकवून जोडावे लागतात, हे मला आजीकडून कळले. त्या एका जोडणीला किती वेळ लागत असेल याचा विचार केला की किमतीवरून घासाघीस करताना जीभ अडखळते.

परंतु जवळचे म्हणून ते टिकेलच, असे नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. २०२२ साली घरोघरी तिरंगा फडकला, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच सुमारास बेंगेरीच्या खादी ध्वजाची मागणी घटल्याच्या तक्रारी पुढे आल्या. देशाच्या ध्वजालाही जिथे स्वस्ताईशी झगडावे लागते, तिथे तुमच्या-माझ्या कुडत्याची काय कथा?

म्हणून खादीच वापरा असा हट्ट मी धरते असे मात्र कोणी समजू नये. बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते. सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, या अटीला तेथे मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी ती अट सैल करावी लागली. वरून लादलेला नियम गळून पडतो. सवय मात्र राहते. त्याच बेळगाव भागात 'कर्नाटकाचे खादी-भगीरथ' म्हणून ओळखले गेलेले गंगाधरराव देशपांडे यांनी हुदलीला खादीचे काम उभे केले, आणि हुदलीची खादी पुढेही चालत राहिली. दुसरीकडे, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावाच्या कापडाने लाखो सामान्य घरांची गरज भागविली. यंत्रमागावर पाळी करणारा कामगारही माणूसच आहे. माझ्या भावाचा शाळेचा गणवेश आणि खेळाचे कपडे यंत्राचेच आहेत. पावसाळ्यात जाड खादी दोन दोन दिवस वाळत नाही, हेही खरे आहे. तेव्हा आमच्या घरी ठरले ते इतकेच, की डब्यातल्या रकमेचा निम्मा भाग तरी हातमागाकडे आणि गल्लीतल्या शिंप्याकडे जावा.

शिंप्यावरून आठवले. शिवणकामात 'माया' असा एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात ती माया. पोर वाढले, अंग भरले, की शिवण उसवून माया सोडवायची. कपडा आणखी दोन वर्षे चालतो. तयार कपड्यांत ही माया बोटभरही नसते, कारण ते टिकावेत अशी विकणाऱ्याची इच्छाच नसते. आम्ही शिंप्याला पहिली सूचना देतो ती माया सोडण्याची. आपल्या भाषेत कपडे जपण्याचे शब्द किती आहेत पाहा! ठिगळ, रफू, टाचणे, आणि मध्येच फाटलेल्या लुगड्याचा जीर्ण भाग काढून दोन्ही चांगले तुकडे जोडणे म्हणजे 'दंड घालणे'. नेसून मऊ झालेल्या जुनेराचे बाळाचे दुपटे होई, दुपट्याची वाकळ, आणि वाकळेचे पायपुसणे. वाकळेला या भागात कौदी म्हणतात. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदी तर आता दूरदूरचे लोक आवडीने विकत घेतात. ज्याला आपण फाटकेपण म्हणून लपवीत होतो, त्यातच एवढी कला होती.

दुसरी अट स्त्रीच्या श्रमाची. कपडे कमी झाले की धुणे कमी होत नाही. उलट तेच कपडे वरचेवर धुवावे लागतात. सुती कापडाला इस्त्री हवी, खादीला खळ हवी, उसवलेले लगेच शिवायला हवे. ही कामे कोण करते? बहुतेक घरांत आई. मुलाने 'मी साधेपणाने राहतो' असे मित्रांना अभिमानाने सांगायचे आणि त्याचा एकुलता एक पांढरा सदरा आईने रोज रात्री धुऊन वाळत घालायचा, या साधेपणाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. आमच्या आईने ही गोष्ट पहिल्याच महिन्यात स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली. तेव्हापासून ज्याचे कपडे त्याने धुवायचे आणि इस्त्रीही त्यानेच करायची असा नियम झाला. नववीतला भाऊ आता बटणे लावतो आणि टीपही मारतो. नियमातून सूट फक्त आजीला. माझ्या मते आमच्या तीन वर्षांच्या खटाटोपाची मुख्य कमाई हीच आहे. वाचलेले पैसे नंतर.

तिसरी अट सर्वांत अवघड. कमी कपडे ही निवड आहे, की लाचारी? २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस गांधीजींनी अंगातले कपडे उतरवून पंचा स्वीकारला, तो गरिबांशी एकरूप होण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना, ज्या नेसण्यावरून जात ओळखू येते ती जुनी तऱ्हा टाकून द्या आणि नीटनेटके राहा, असे सांगितले. आणि स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. स्वतः बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट घालीत. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. पण मला दोन्हींत एकच सूत्र दिसते. कपडा हा माणसाच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, आणि तो कसा सोडवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्याला पोटभर आहे त्याने उपास केला तर ते व्रत. ज्याला अन्नच नाही त्याच्या उपासाला व्रत म्हणणे ही क्रूर थट्टा. आपल्या वर्गात खेड्यातून एस. टी. ने येणारे असे विद्यार्थी आहेत की ज्यांचे दोनच जोड असतात. त्यांना 'कॅप्सूल' शिकविण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने पहिल्या पगारातून भडक रंगाचे चार सदरे घेतले, तर त्याला नाके मुरडण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. मर्यादा घालून घ्यायची ती ज्यांची कपाटे भरली आहेत त्यांनी.

हे सर्व घरापुरतेच ठेवावे काय? आपल्या महाविद्यालयासाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पारंपरिक वेशभूषेच्या दिवसासाठी कोणीही नवे कापड घेऊ नये. आजीची इरकल, आजोबांचे धोतर किंवा शेजारणीकडून मागून आणलेला खण, असेच त्या दिवशी चालावे, आणि तो कपडा कुठे विणला गेला हे प्रत्येकाने चार वाक्यांत सांगावे, मराठीत किंवा कन्नडमध्ये. दुसरी, मुलींच्या विश्रांतिकक्षात एक शिलाई यंत्र ठेवावे. ते मुलांनाही वापरू द्यावे. तिसरी, प्रयोगशाळेतले झगे आणि स्नेहसंमेलनातले पोशाख दरवर्षी नव्याने घेण्याऐवजी जाणाऱ्या वर्गाने येणाऱ्या वर्गाकडे सोपवावेत. मात्र हे सर्वांसाठी असावे. 'गरजूंसाठी' अशी पाटी त्यावर लावू नये. पाटी लागली की ज्याला खरी गरज आहे तोच तिकडे फिरकत नाही.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचे आलेख शिकविताना एकदा आम्हा विद्यार्थ्यांना बेंगेरीला घेऊन चला. एका वार कापडामागे किती हात लागतात हे डोळ्यांनी पाहिले, तर किंमत आणि मोल यांतला फरक निराळा शिकवावा लागणार नाही.

काही वाचक म्हणतील, पाच माणसांच्या बारा हजारांनी जगातला कोणता अन्याय दूर होणार? फारसा होणार नाही, हे मीही जाणते. कारागिराला रास्त मजुरी मिळण्यासाठी कायदे, संघटना आणि सरकारी धोरण यांचीच गरज आहे. ग्राहकाची भलमनसाई त्यांची जागा घेऊ शकत नाही. पण आपण दिलेला पैसा कुठे जातो हे विचारायची सवय लागलेला माणूस उद्या मत देतानाही तेच विचारील, आणि नोकरीत वरच्या जागेवर बसल्यावर हाताखालच्या माणसाच्या पगाराबद्दलही विचारील, अशी मला आशा वाटते. कापडाच्या डब्याची वही लिहिताना मला लागलेली ही सवय माझ्या वर्गमित्रांनाही लागावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.